मुळाच्याही आधी

ख्रिस्ती मंडळीच्या शाळाखोलीची समोरची भिंत रंगवायची ठरली तेव्हा पंचांच्या बैठकीत एकाही माणसाने विरोध केला नाही. यात पुढे घोटाळा आहे हे शहाण्या माणसाने तिथेच ओळखायला हवं होतं. पण बैठकीला त्या दिवशी सगळे पंचच होते.

काम साधं होतं. येशू ख्रिस्ताची वंशावळ झाडाच्या रूपात काढायची. खाली मुळाशी अब्राहाम, त्यावर इसहाक, याकोब, असं करत एकेक पिढी फांद्यांवर चढवत न्यायची आणि अगदी शेंड्यावर ख्रिस्त. दर रविवारी लहान मुलं या खोलीत शास्त्रातल्या गोष्टी ऐकायला बसत, आणि आजवर त्यांच्या डोळ्यांसमोर एक लोखंडी कपाट होतं. कपाटातून बोध घ्यायला काही मर्यादा पडतात.

काम पेंटरकडे गेलं. म्हणजे खरं तर पेंटरच्या धाकटीकडे. बाप आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवत आला होता. आता त्याचा हात थरथरायचा, आणि डोळ्यांना लांबचं लख्ख दिसायचं पण हातातला ब्रश दिसायचा नाही. बारीक अक्षर सुटलं होतं. रोलर मात्र अजून चालायचा. थोरला मुलगा फ्लेक्सच्या धंद्यात होता आणि बापाच्या दुकानाच्या जागेत मोठं छपाई मशीन बसवायचं त्याने मनात धरलं होतं. धाकटीला ते दुकान ब्रशसकट हवं होतं. शाळेत असल्यापासून ती तिथेच पडीक असायची, पण घरातला हिशोब असा, की आधी आला तो मोठा आणि मोठ्याचं आधी.

"ही भिंत तू एकटीने करायची," बाबांनी सांगून टाकलं. "नीट उतरली तर दुकान तुझं. नाही उतरली तर मोठ्याचं मशीन येतंय."

"आणि नीट उतरली की नाही हे कोण ठरवणार?"

"मी."

"तुम्हाला दिसतं कुठे?"

"जवळचं दिसत नाही. भिंत काय नाकाला लावून बघतात?"

तरीही भिंतीला रंगाचा पहिला हात मारायला बाबा स्वतः आले. रोलर घेऊन त्यांनी छतापासून फरशीपर्यंत उबदार फिकट पिवळा रंग असा सपाट बसवला, की कुठे थांबले आणि कुठे सुरू केलं ते सापडू नये. मग दाराशी स्टूल टाकून बसले, ते कायमचे.

धाकटीने खडूने झाड आखलं. शेंड्यावर ख्रिस्तासाठी एक चांगलं ऐसपैस वर्तुळ काढून ठेवलं आणि मुळापासून कामाला लागली.

दावीदापर्यंत पोचते न पोचते तोच गायनमंडळाचे मास्तर आले. दावीद हा शास्त्रातला एकमेव माणूस ज्याच्याशी आपले व्यावसायिक संबंध आहेत, असं मास्तर मानत. "एवढ्याशा पानावर दावीद? अहो राजा माणूस! वीणा कुठे ठेवणार तो?" धाकटीला नाही म्हणता यायचं नाही. दावीद मोठा झाला, वीणा आली, वरच्या सगळ्या पिढ्या हातभर वर सरकल्या. खडूचं वर्तुळ पुसून तिने थोडं वर काढलं.

मग शिरस्तेदार आले. ते कोर्टातून निवृत्त झाले होते, पण कोर्ट त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. त्यांना शलमोन राजा न्यायासनावर बसलेला पाहिजे होता, पायऱ्यांसकट. महिला मंडळ एका दुपारी सगळंच्या सगळं आलं आणि वंशावळीतल्या तामार, राहाब, रूथ या बायकांची नावं नुसती कोपऱ्यात नकोत, स्वतंत्र फांद्या पाहिजेत म्हणालं. ते तर बरोबरच होतं. रूथला धान्याची पेंढी मिळाली. वर्तुळ आणखी वर गेलं.

"नाही म्हणायला शीक," बाबा स्टुलावरून म्हणाले.

"पेंढीच तर आहे, बाबा."

"पेंढी नाही म्हणत मी. तुला म्हणतोय."

शेवटी आले वखारवाले. ते पंचांचे अध्यक्ष होते आणि गावातलं निम्मं लाकूड त्यांच्या वखारीतून जायचं. मरीयेचा नवरा योसेफ सुतार होता हे कळल्यापासून ते त्याला आपल्या लाइनीतला माणूस समजत. "चांगला उभाच्या उभा घ्या," ते म्हणाले. "हातात करवत. बाजूला फळ्यांची थप्पी. आणि फळ्या सागवानी वाटल्या पाहिजेत." योसेफ उभाच्या उभा घेतला. शेजारी मरीया आली. तीही उभीच, कारण तिला बसवलं तर महिला मंडळ पुन्हा आलं असतं.

शुक्रवारी सकाळी धाकटी शिडीवर चढली, खडूचं वर्तुळ अजून थोडं वर सरकवायला हात उचलला, आणि हात छताला लागला.

नेमके त्याच वेळी मंडळीचे धर्मगुरू, म्हणजे पाळक, आत आले. वयाने तरुण होते, उंच होते, आणि एखादं वाक्य सुरू केलं की ते पुरतं संपेपर्यंत खाली बसत नसत. त्यांनी भिंत मुळापासून वर वाचत नेली. अब्राहाम छान, दावीदाची वीणा छान, शलमोनाच्या पायऱ्या जरा जास्त. योसेफाच्या केसांपाशी भिंत संपली.

"ख्रिस्त कुठे आहे?"

"यायचाय," धाकटी म्हणाली.

"कुठून?"

शिडीवरून उतरताना तिने दाराकडे पाहिलं. बाबांनी मान फिरवून अंगणाकडे बघायला सुरुवात केली होती. त्यांना जवळचं दिसत नसलं तरी कळत सगळं होतं.

दुपारी पंच जमले. ज्याने त्याने आपापल्या माणसाला जागा करून घेतली होती आणि ज्याच्यासाठी झाड लावलं त्यालाच जागा उरली नव्हती, हे प्रत्येकाला लगेच दिसलं. यात आपला वाटा किती हे मात्र कुणालाच दिसलं नाही. दावीद लहान करावा असं शिरस्तेदारांना वाटलं. न्यायासन आटोपशीर करावं असं मास्तरांना वाटलं. ख्रिस्ताला छतावर काढावं अशीही सूचना आली, म्हणजे धडा ऐकताना मुलांना उताणं पडता येईल.

"मधले चारसहा गाळून टाका," वखारवाले म्हणाले. "हे अज्जूर, हे याखीम. यांना ओळखतं कोण?"

"त्यांच्या आया ओळखत असतील," मागून आवाज आला.

या मोठ्या बाई. मंडळीतल्या तीन पिढ्यांना याच खोलीत त्यांनी शिकवलं होतं, त्यात वखारवालेही होते. झाडावर कुणाला मोठं करा म्हणून न सांगितलेल्या त्या एकट्याच.

"बाई, मग त्याला शेंड्यावर बसवायचा कसा?"

"शेंड्यावरच कशाला पाहिजे?"

"आता काय सांगू! वंशावळीत शेवटचा तोच ना?"

"शेवटचा? म्हणजे अब्राहामाच्या नातवाच्या पणतूचा खापरपणतू, एवढंच? त्याने स्वतः सांगितलंय, अब्राहामाच्या आधीपासून आहे म्हणून."

"जन्माला येण्याआधी कुणी असतं का, बाई?"

"तुम्ही नव्हता. मी नव्हते. म्हणून तर आपलं झाड कुणी काढायला बसलं नाही."

मास्तर हसले आणि वखारवाल्यांनी त्यांच्याकडे बघताच खोकले. पाळकांचे डोळे मात्र चमकले. महिनाभर ते याच विषयावर प्रवचन देत होते आणि महिनाभर लोक त्यांच्या आवाजाची तारीफ करत होते.

"बाईंचं खरं आहे," ते म्हणाले. "माणूस म्हणून तो मरीयेच्या पोटी आला, तो एका काळी, एका गावात. पण पुत्र म्हणून त्याला आरंभच नाही. तो आधीपासून बापाजवळ होता आणि स्वतः देवच होता. जे काही झालं ते त्याच्याच हातून झालं. म्हणजे हा अब्राहाम त्याचा पूर्वजही आहे आणि त्याने घडवलेला माणूसही. हे झाड ज्याच्यापर्यंत जाऊन पोचतं, ते लावलेलं त्यानेच."

वखारवाल्यांनी झाडाकडे निरखून पाहिलं. झाडांचं त्यांना कळत होतं. "स्वतः लावलेल्या झाडाला स्वतःच फळ म्हणून लागायचं?"

"हो. अगदी तेच."

"हे आमच्या धंद्यात बसत नाही."

"कुठल्याच धंद्यात बसत नाही. म्हणून तर दर रविवारी सांगावं लागतं."

शिरस्तेदारांना वादापेक्षा निकाल प्रिय. "मग मुळाखाली लिहा नाव. प्रश्न मिटला."

"मुळाखाली लिहिलं तर तो नुसता अब्राहामाचा बाप होईल," पाळक म्हणाले. "अब्राहामाला बाप होता. त्यालाही बाप होता. असं आदामापर्यंत गेलात तरी तो त्याच्या आधी. माती, पाणी, उजेड, सगळ्याच्या आधी. असा एक काळ होता की तो नव्हता, असं म्हणायची सोय नाही. एवढ्या एका वाक्यावरून पूर्वी धर्मसभा भरल्या, माणसं देशोधडीला लागली."

"अहो, पण आम्हाला रविवारी पोरं बसवायचीत!" शिरस्तेदारांचा तोल गेला. "सगळ्याच्या आधी, सगळ्याच्या आधी! सगळ्याच्या आधी या भिंतीवर होतं तरी काय?"

"पहिला हात," बाबा दारातून म्हणाले. "मीच मारलाय."

दुपारभरच्या चर्चेत आपल्याला कळेल असा हा पहिलाच प्रश्न आला, म्हणून ते बोलले होते. बोलून झाल्यावर पुन्हा अंगणाकडे बघायला लागले. पंचांनी ते ऐकलंही नाही. धाकटीने ऐकलं.

ती भिंतीपाशी गेली. फांद्यांच्या मधून, पानांच्या मागून, योसेफाच्या करवतीच्या दात्यांतून तो फिकट पिवळा सगळीकडे दिसत होता. झाड त्याच्यावर उभं होतं. दावीद त्याच्यावर बसून वीणा वाजवत होता. इतके दिवस ती त्याला रिकामी जागा समजत आली होती.

"नाव वर नको आणि खाली नको," ती म्हणाली. "मागे घेऊ."

"झाड काढून झाल्यावर मागे कसं घेणार?" मास्तरांनी विचारलं.

"लिहायचंच नाही. दोन मोठी अक्षरं आखायची, छतापासून फरशीपर्यंत, भिंतभर. अक्षरांच्या बाहेरची जेवढी मोकळी भिंत आहे तेवढी गडद निळी भरायची. आत हात लावायचा नाही. मग जो पिवळा उरेल तेच नाव. झाड जसंच्या तसं."

सगळे एकाच वेळी एकाच दिशेला, भिंतीकडे बघायला लागले. पंचांच्या बैठकीत हा प्रकार सहसा होत नसे.

"म्हणजे नाव पहिल्या हाताचं," मोठ्या बाई हळूच म्हणाल्या. "आणि बाकी सगळी त्याच्यावर."

पाळकांच्या मनात आनंद आणि शंका एकदमच आल्या. "उपमा म्हणून चालेल," ते म्हणाले. "अर्थात रंग डब्यातून येतो, कुणीतरी बनवतो. त्याला कुणी बनवलेलं नाही. तेवढी मर्यादा मी रविवारी समजावून सांगेन."

"थोडक्यात," मोठ्या बाई म्हणाल्या.

"अक्षरं सोनेरी करा," वखारवाले म्हणाले. "पैशाची काळजी नको. पिवळं कसं जरा गरीब वाटतं."

"नाही," धाकटी म्हणाली.

वखारवाल्यांना वाटलं शिडी बोलली. बाबांनी स्टूल किंचित आत सरकवलं.

"सोनेरी केलं तर तो नंतर लावलेला रंग होईल, काका. मग सगळं मुसळ केरात. आत एक थेंबही नवा लावायचा नाही."

वखारवाल्यांनी योसेफाकडे एकदा बघून घेतलं. "बरं," शेवटी म्हणाले. "पण आमच्या योसेफाला धक्का लावू नका."

"तो तसाच राहतो. त्याने पोराला कडेवर घेतलं असेल, फळी धरायला शिकवलं असेल. पण उभा मात्र तो त्या पोराच्याच नावावर असणार."

वखारवाल्यांनी नाक शिंकरलं आणि खोलीत लाकडाचा भुसा फार झालाय म्हणून तक्रार केली. खोलीत भुसा नव्हता.

शनिवारी सकाळी धाकटीने दोरीला खडू चोळून रेषा मारल्या. 'ये'ची मात्रा थेट छताला टेकवली, योसेफाचा माथा जिथे संपत होता तिथेच. 'शू'चा दीर्घ उकार खाली मुळांच्याही तळाशी नेला. मग निळा कालवला.

"चुकलं तर?" बाबांनी विचारलं.

"मशीन येईल."

थोरल्याचा फोन आला तेव्हा मशीनची लांबी ऐकता ऐकता बाबांनी फोन कानावरून खाली घेतला आणि बराच वेळ मांडीवर धरून ठेवला. थोरला मांडीला लांबी सांगत राहिला.

जवळून बघणाऱ्याला या कामाचा काही अर्थ लागण्यासारखा नव्हता. पानापानांच्या मध्ये निळे तुकडे पडत होते. कुठे करवतीच्या वर, कुठे पेंढीच्या खाली, कुठे शलमोनाच्या दोन पायऱ्यांमध्ये. नाव कुठे दिसत नव्हतं. ते आहे असं धरून ब्रश चालवायचा, एवढंच हातात होतं. दुपारी शिरस्तेदार डोकावले, निळे डाग पाहिले आणि कुणी गेल्यावर माणूस जसा दबक्या पावलांनी बाहेर पडतो तसे बाहेर पडले. थोड्या वेळात सगळ्या मंडळीला कळलं की भिंत गेली.

आणि तेवढ्यात ती खरोखरच जायला निघाली. शिडी बदलताना ब्रश झटकला गेला आणि 'ये'च्या बरोबर मधोमध, जिथे काहीच लागायचं नव्हतं तिथे, निळ्याचा ओघळ उतरला.

"काय झालं?" बाबा. त्यांना श्वास ऐकू आला होता.

"थेंब पडला. आत."

"पिवळा शिल्लक आहे डब्यात. वरून लाव. कुणाला कळणार आहे?"

तिने डब्याकडे पाहिलं. बाबांनी कालवलेला तोच रंग होता. कुणाला कळलंही नसतं. पण रविवारी पोरं येऊन बसणार, पाळक हे सगळं समजावून सांगणार, आणि नावाच्या मधोमध मागाहून चढवलेलं ठिगळ असणार. तिला तर कळणारच होतं.

"मग तो पहिला हात नाही राहायचा," ती म्हणाली.

ओला फडका बोटाला गुंडाळून ती ओघळ टिपत राहिली. घासायचं नव्हतं. घासलं तर खालचाही गेला असता. टिपायचं, फडका फिरवायचा, पुन्हा टिपायचं. हळूहळू निळा उतरला आणि खालचा पिवळा पुन्हा वर दिसू लागला. बाबांनी तो इतका घट्ट बसवला होता, की त्याला काहीसुद्धा झालं नव्हतं.

उन्हं कलायच्या आत ती शेवटचा तुकडा भरून खाली उतरली आणि शिडी बाहेर काढली. अंगणात पंच जमले होते. सांत्वनाला आलेल्या माणसांसारखे ते एकमेकांच्या चपला बघत होते. तिने दाराची दोन्ही कवाडं उघडली.

मग बाबा स्टुलावरून उठले, अंगणाच्या पार टोकाला गेले, वळले, आणि डोळ्यांवर हात धरून त्यांनी मोठ्याने वाचलं, "येशू."

लहान मुलाने पहिल्यांदा पाटी वाचावी तसं वाचलं. छतापासून फरशीपर्यंत ते नाव उजळ उभं होतं, आणि अब्राहामापासून योसेफापर्यंतची सगळी माणसं, मोठी, छोटी, गाळायला निघालेला अज्जूरसुद्धा, त्याच्यावर पानांसारखी पसरली होती.

मोठ्या बाई भिंतीच्या दिशेने चालू लागल्या. अर्ध्या वाटेवर थांबल्या. "अगं, आता नाव दिसत नाही. नुसती माणसं दिसतात."

"जवळ आलं की माणसंच दिसतात, बाई."

"गेलं तर नाही ना कुठे?"

"जाईल कसं? तुमच्या समोरच आहे."

बाई दोन पावलं मागे आल्या, पुन्हा पुढे गेल्या, पुन्हा मागे. हा खेळ त्यांना इतका आवडला की शिरस्तेदारही त्यांच्यामागे पुढे-मागे करू लागले. पाळकांनी खिशातून कागद काढला. बाईंनी न वळताच सांगितलं, "थोडक्यात."

धाकटीचं मात्र कुणाकडे लक्ष नव्हतं. ती बाबांकडे बघत होती.

"उकार जाड झालाय," बाबा म्हणाले.

तिने वळून भिंतीकडे पाहिलं.

"पण एवढी मुळं पेलायची म्हणजे बारीक चालणार नाही," त्यांनी पुढे म्हटलं. मग खोलीत जाऊन चाचपडत तिचे सगळे ब्रश गोळा केले आणि अंगणातल्या नळाकडे निघाले.

"बाबा, ठेवा. मी धुते."

"आपल्या दुकानात मालकाने ब्रश धुवायचे नसतात. मी चाळीस वर्षांत एक तरी धुतलेला पाहिलास?" त्यांनी नळ सोडला. निळं पाणी त्यांच्या चपलेवरून वाहत गेलं, ते त्यांना दिसलं नाही. "आणि मोठ्याला सांगायचं राहिलंय. मशीन त्याच्या बायकोला विचारून घरात ठेव म्हणावं. ती ठेवून घेईल असं वाटत नाही, पण विचारायला काय जातं?"

धाकटी स्टुलावर बसली. ते आता रिकामं होतं.

वखारवाले योसेफाला डोळे भरून बघून बाहेर आले. "आमच्या वखारीची पाटी जुनी झालीय," ते म्हणाले. "नवी करायची. नाव मधे, बाजूने ओंडके, वर करवत, खाली बैलगाडी, आणि जागा उरली तर आमच्या वडिलांचा फोटो पाहून एक चेहरा." सवयीने त्यांची नजर नळाकडे गेली. "सोमवारी येतो दुकानात. कुणाला भेटू, पेंटरसाहेब?"

बाबा ब्रश पिळत होते.

"मालकिणीला भेटा," ते म्हणाले. "पण बैलगाडी घरीच ठेवून या. ती आता नाही म्हणते."